काकवीचं रक्त

रक्त मी केलं.
पाच लिटर काकवी, बावड्याच्या गुऱ्हाळातनं उधारीवर,
खायचा लाल रंग, चमचाभर कोको.
पार्लरच्या बेसिनला अजून डाग आहे;
मेकअपला आलेल्या नवऱ्या बघतात,
विचारत नाहीत.

धैर्यशीलनं बुलेट विकली.
मामानं शब्द फिरवला, म्हणून सिनेमा सव्वा तासाचा झाला.
एकोणीस रात्री, एक कॅमेरा,
उद्यमनगरातलं बंद पडलेलं वर्कशॉप,
वेल्डिंगचा मुखवटा घातलेला खुनी,
आणि मरायला सात जण.
खरं तर सहाच. माणूस कमी पडला
तेव्हा बाळू सुतार शर्ट बदलून परत मेला.

लक्ष्मीपुरीतल्या जुन्या थेटरात शुक्रवारी रात्रीचा खेळ.
चौऱ्याऐंशी माणसं आणि एक वटवाघूळ.
सुटल्यावर मी दाराशी थांबले,
स्कूटीवर बांधतात तशी ओढणी तोंडाला बांधून.

तालमीतली पोरं आधी आली. विषय हार्ड, म्हणाली,
आणि जिन्यावरच एकमेकांचे गळे कापायला लागली.
त्यातला एक मागं राहिला, बोटं मोजत:
"आरं, पाचवा मेलेलाच सातव्याला मेलाय की!"

अमीन बेपारी, मटणाचं दुकान, तिसरी पिढी:
"सुरी आशी धरत्यात व्हय?
पयल्याच खुनाला अंगठा गेला आसता त्याचा."

फौंड्रीतल्या कुणीतरी काचेचा नंबर काढला.
"अकरा नंबर हाय ती. ठिणगी नसंल तर
त्यातनं डोंबल दिसत न्हाई.
खून करतोय का चाचपडतोय त्यो?"
चाचपडतच होता. झाकीरच्या गुडघ्याला चार टाके पडलेत.

एक म्हातारे, कधीकाळी स्टुडिओत ट्रॉली ढकललेले,
काठीवर रेलून म्हणाले, अंधार बाकी झकास धरलाय.
जनरेटरचं डिझेल संपलं होतं.
मी नुसती मान हलवली.

"मढ्यावर मुंग्या सोडल्यात, ते लई भारी," असंही कोण म्हणालं.
मुंग्या आपल्या आपण आल्या होत्या.

एक सर म्हणाले, आपल्याकडं असलं कुठं घडतंय,
हे सगळं तिकडचं.
त्यांची बायको वाकून चपलेचा अंगठा नीट करत होती,
बराच वेळ.

गर्दी सरल्यावर ती आली.
पन्नाशीची असेल, हातात भडंगाची पुडी, न फोडलेली.
पोस्टरकडं बघत बोलली, माझ्याकडं नाही.
"ती पोरगी, गाडीचा आवाज बंद झाल्यावर
स्टँड कसा लावतोय ते ऐकती.
पायानं सरकवला तर भाकरी थापत ऱ्हाती.
आपटला, तर पोराला उचलून मागच्या खोलीत.
हे कुणी सांगितलं ओ तुम्हाला?"

माझ्या नखांत लाल होतं, त्यावरनं ओळखलं असेल.
म्हटलं, लेखकानं.
पाट्यांवर लेखक म्हणून धैर्यशीलचं नाव आहे,
ते तिनंही वाचलं असणार.
ओढणीआड माझा घसा कोरडा पडला होता.

"बाकीचं खोटं हाय," ती म्हणाली.
"तलवारी, मुखवटं, बोंबलणं.
खरं कोण बोंबलत न्हाई.
पण तेवढं बरोबर हाय."
पुडी माझ्या हातात ठेवली
आणि रिक्षा बघायला गेली.

खाली पार्किंगमध्ये गाड्यांचे स्टँड निघत होते,
एकेक, पाठोपाठ.
काढताना सगळ्यांचा आवाज सारखाच येतो.

धैर्यशील धावत आला, डोळे तांबारलेले,
तीन रात्री झोपला नव्हता.
"काय म्हणतंय पब्लिक?"

सुरी नीट धर म्हणतंय, मी म्हटलं,
आणि भडंग पुढं केला.